सवड झाली की ये

येवल्याच्या एसटी स्टँडवर मला सोडायला फक्त आई आली होती. बाबा आले नाहीत. मागावर पैठणीचा पदर विणणं चालू होतं आणि पदराचं काम अर्ध्यावर टाकून उठायचं नाही, असा त्यांचा नेम होता. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्या हातातली रेशमाची कांडी काही खाली ठेवली नाही. म्हणाले, "तिथं कुणी आपल्या बोलण्याला हसलं, तर आपणच आधी हसून घ्यायचं." स्टँडवर आई गाडीच्या खिडकीशी उभी राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "पोचली का फोन कर, उगी जीव टांगणीला लावू नको." फोन आमच्या घरी नव्हता, शेजारच्या किराणा दुकानात होता. गाडी हलली तशी ती चार पावलं बरोबर चालली आणि पदर तोंडाला लावून थांबली. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आमच्या आळीतली पहिली मुलगी. खरं सांगायचं तर मला त्या वेळी वाईट वाटण्यापेक्षा सुटल्यासारखंच जास्त वाटत होतं.

येवला ते नाशिक म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. एवढ्याशा अंतराला कुणी परदेशी जाणं म्हणत नाही. पुढे मी खरोखरच विमानात बसून कॅनडाला आले, आता इथेच आहे, पण घर सुटलं ते त्या लाल गाडीत बसले तेव्हाच. नाशिकला पोचल्यावर आठ दिवसांत मी 'हाय' टाकून 'आहे' म्हणायला लागले. 'लय'चं 'खूप' झालं. महिन्याभरानं घरी फोन केला तर आई दुकानदाराला म्हणाली, कुण्या मास्तरणीचा फोन आलाय. ती चेष्टा करत होती असं मी धरून चालले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कॉलेज रोडला दर दोन इमारतींआड 'स्पोकन इंग्लिश'ची पाटी होती आणि अशाच एका तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासमध्ये मी शिकवत होते. येणारी सगळी विशी-बाविशीची पोरं, कुणाला पुण्याला जायचं, कुणाला थेट अमेरिकेला. त्यांच्यात एक दिवस रंगनाथकाका येऊन बसले. वय साठीच्या पुढे, एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी झालेली. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी पँट खाकीच. पोरं जोडीजोडीनं बोलायचा सराव करायला लागली तेव्हा यांच्याशी कुणी जोडी जमवेना. ते आपले सरळ बसून राहिले, गाडी सुटायची वाट बघत बसतात तसे.

क्लास सुटल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि सगळं उभ्या उभ्या सांगून टाकलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा सुनील इंग्लंडला नोकरीला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न करतो म्हणाला. घरच्या फोनवरून तेव्हा परदेशी लागत नसे, म्हणून काका एसटीडी बूथवरून त्याला एकच वाक्य बोलले, "आता या घरची पायरी चढू नको." मुलानं ते ऐकलं. त्यानंतर चार वर्षं ना पत्र, ना फोन. मग एका रविवारी दुपारी फोन वाजला आणि पलीकडून बाईचा आवाज आला. ती सून होती, हेलन. मुलगा झाला होता, हे सांगायला तिनं नवऱ्याच्या डायरीतून नंबर काढून आपणहून फोन केला होता. काकांना त्यातला 'बेबी' तेवढा कळला. तेव्हापासून ती दर रविवारी साडेचारला फोन करायची.

"ती बोलती आन मी नुसता येस येस करतो," काका म्हणाले. "पोरगी काय म्हणती ते कळाया पायजे, मॅडम. तेवढाच एक धागा राह्यलाय."

मी त्यांना क्लासला येणं बंद करायला सांगितलं आणि दर शनिवारी संध्याकाळी पाचला सिडकोतल्या त्यांच्या घरी जायला लागले. दारातल्या ओट्यावर दोन खुर्च्या टाकलेल्या असत. शिकवायची रीत साधी होती. मी हेलन व्हायचं, काकांनी काका राहायचं, आणि दोघांनी फोनवर बोलायचं. फोन म्हणून ते जुना चष्म्याचा डबा कानाला लावत. पहिले दोन शनिवार त्यांनी मला, म्हणजे हेलनला, उठून नमस्कार केला. फोनवर नमस्कार दिसत नाही म्हटलं तर म्हणाले, "दिसत नसला तरी कळतो."

व्याकरणाच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. तीन आठवड्यांत त्यांनी स्वतःचीच एक पद्धत काढली. सगळं संभाषण त्यांनी गाडीच्या रूटसारखं कागदावर उतरवलं. पहिला थांबा 'हाऊ आर यू', दुसरा हवापाणी, तिसरा बाळाची तब्येत, चौथा जेवणखाण, मग सुनील कसा आहे, आणि शेवटी 'गॉड ब्लेस यू'. प्रत्येक थांब्याला एक-दोन वाक्यं पाठ. एक थांबा झाला की खुर्चीच्या हातावर बोटानं दोनदा टकटक करायचं, म्हणजे डबल बेल, गाडी पुढे. मी मध्येच भलतं काही विचारलं तर ते गांगरत नसत. हसून पुढच्या थांब्याचं वाक्य म्हणून टाकत. असं चालत नाही, संभाषण इकडंतिकडं वळतं, हे मी त्यांना चार-पाचदा सांगितलं. "वळू द्या की," ते म्हणाले, "रूट बदलायचा अधिकार कंडक्टरला नसतो." मला हसू आलं आणि मी नाद सोडला. शिक्षकानं तो नाद सोडायचा नसतो, हे मला नंतर कळलं.

आणि जमलंही त्यांना. दिवाळीपर्यंत रविवारचा फोन वीस मिनिटं चालायला लागला. हेलन त्यांना बाळाचं हसणं फोनवर ऐकवायची. आपण काय म्हणालो नि ती काय म्हणाली, हे शनिवारी ते मला सगळं ओळीनं सांगायचे. सुनीलचा थांबा आला की तिकडून उत्तर ठरलेलं असे, 'ही इज फाइन, ही इज ॲट वर्क.' रविवारी कसलं ऑफिस, हे काकांनी कधी विचारलं नाही. तो शेजारच्याच खोलीत असतो हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं.

दिवाळी झाल्यावर एका शनिवारी ओट्यावर एकच खुर्ची होती. काका आत पलंगावर पडून होते. पोटात गाठ निघाली होती. त्यांनी ते गाडी पंक्चर झाल्यासारखं सांगितलं. डॉक्टरांनी काय सांगितलं विचारलं तर म्हणाले, बरं होणारं दुखणं नाय, फार तर उन्हाळ्यापर्यंत. मी रडायच्या बेतात आले तशी त्यांनी पलंगाच्या कडेवर टकटक केलं. पुढे चला.

आजाराचं तिकडं सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. माझ्याकडून वचनच घेतलं. आजारी बापाला बघायला कुणीही येतं, त्यात काय मोठं. पोरानं आपणहून यायला पाहिजे होतं. त्यासाठी रूटमध्ये एक नवा थांबा घालायचा होता आणि त्याचं वाक्य मी करून द्यायचं होतं. ते वाक्य त्यांनी मराठीत सांगितलं, तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोच्या खाली कुठंतरी बघत होते.

"त्याला म्हणावं, सवड झाली का ये. घाई काय नाय."

एवढंच. आपल्यात ज्यानं कुणी कधी कुणाची वाट पाहिली आहे, त्याला हे वाक्य काय आहे ते सांगायला नको. आपली माणसं 'लगेच ये' कधी म्हणत नाहीत. लगेच ये म्हणणं म्हणजे गळ्यात पडणं, समोरच्याला अडचणीत धरणं. म्हणून जीव जात असला तरी सवडीनं ये म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं हातातलं काम टाकून निघायचं. मला ते कळलं होतं. नसतं कळलं तर माझा काही गुन्हा नव्हता. पण मला कळलं, आणि तरी मी पेन काढून लिहिलं: 'प्लीज टेल हिम, देअर इज नो हरी. कम ॲट युवर कन्व्हीनियन्स.' वर ते वाक्य मला आवडलंसुद्धा. भारदस्त वाटलं. येवल्याच्या विणकराच्या पोरीला असलं इंग्रजी येतं याचा मला तेव्हा फार अभिमान होता. त्या वाक्यातून त्यांची हाक गळून गेली आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, पण वाक्य इतकं चांगलं जमलं होतं की मोडवेना.

'कन्व्हीनियन्स' त्यांच्या जिभेवर बसायला दोन शनिवार गेले. मी त्यांच्याकडून ते घासून घेतलं. अंगात ताप असताना ते उठून बसायचे, डबा कानाला लावायचे आणि शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवायचे.

त्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी थांबले. साडेचारला फोन आला. काकांनी सगळे थांबे घेतले, सुनीलच्या थांब्याला आले आणि ते वाक्य एकही अक्षर न चुकता म्हणाले. पलीकडे हेलनला आनंद झालेला मलासुद्धा ऐकू येत होता. तिनं फोन बाजूला ठेवला. आत कुणाशी तरी बोलणं झालं. मग येऊन तिनं सांगितलं की सुनीलला फार बरं वाटलंय, त्याचे डोळे भरलेत. घाई नसेल तर एप्रिलमध्ये येतो, तेव्हा रजा मिळते, थंडीही संपलेली असते, बाळाला प्रवास झेपेल. काका 'थँक यू, गॉड ब्लेस यू' म्हणाले. फोन ठेवून त्यांनी गल्लीत दोन घरी जाऊन सांगितलं की पोरगा येतोय. परत आले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहिले. ते डिसेंबरवर होतं.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्या हातापाया पडले. म्हटलं, काका, वाक्य बदलू. 'कम सून' म्हणू, दोनच तर शब्द आहेत. नाहीतर मला बोलू द्या हेलनशी. "एकदा घाई नाय म्हणल्यावर परत घाई कर म्हणायचं?" ते म्हणाले. "बरं दिसत नाय, मॅडम. सुनंला काय वाटंल." मी फोनकडे बघितलं. फोनखाली दाबून ठेवलेल्या कागदावर हेलनचा नंबर होता, मला तो पाठ झाला होता. त्यानंतर सहा रविवार गेले. तो नंबर मी कधीही फिरवू शकले असते. पण दिलेला शब्द मोडायचा नाही, हे बाबांकडून शिकलेलं. कुठला शब्द मोडायचा असतो, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

संक्रांत झाली आणि चार दिवसांनी काका गेले. गल्लीतल्या माणसांनी सगळं केलं. हेलनला फोन मी लावला. काकांकडून बोलतेय म्हटल्यावर तिनं 'हाऊ आर यू', मग थंडीचं, मग बाळाचं सांगायला सुरुवात केली, कारण रूट तिलाही पाठ झाला होता. तिला थांबवून मी सांगितलं. ते माझं आयुष्यातलं सगळ्यात वाईट इंग्रजी होतं.

सुनील दहाव्याला पोचला. रामकुंडावरचे विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो मला भेटायला क्लासवर आला. उंच, वडिलांसारखाच सरळ बसणारा. आधी इंग्रजीत बोलत होता. आभार मानले. वडील इतकं छान इंग्रजी बोलायचे, हेलन नेहमी सांगायची, म्हणाला. मग त्यानं एकदम मराठीत विचारलं, माझ्याबद्दल काय बोलायचे? मी त्याला सगळं सांगितलं. दुखणं कधी कळलं, कुणी लपवलं, वाक्य कुणी लिहिलं. काही ठेवलं नाही. तो म्हणाला, मुळात ते मराठीत काय म्हणाले होते?

मी सांगितलं. त्यांनी म्हटलं होतं तसंच, त्यांच्याच चालीत. सवड झाली का ये. घाई काय नाय.

तो माझ्याकडे बघत राहिला. "असं म्हणाले?" तो म्हणाला. "आईला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा त्यांनी आत्याला हाच निरोप धाडला होता. अगदी असाच. आत्या संध्याकाळच्या गाडीनं आली होती."

मला तो रागानं काही बोलला असता तर बरं झालं असतं. तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि जिना उतरून गेला. पुन्हा आमची भेट झाली नाही.

क्लास मी वर्षभरात सोडला. दोन वर्षांनी लग्न होऊन इथे कॅनडात आले. नवरा शिफ्टला जातो, मुलं स्कूलबसनं जातात, स्नो पडला की मी ड्राइव्हवे साफ करते. आणि परत तेच काम करते, कम्युनिटी सेंटरमध्ये नव्यानं आलेल्या माणसांना बोलतं करायचं. पंजाबी आज्या, इराणी काका, कोण कोण. आता मी कुणाला वाक्य करून देत नाही. आधी विचारते, हे कुणाला सांगायचंय, आणि त्यानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? ते बुचकळ्यात पडतात. काहीजण चिडतात. एक आजी रडली होती. शनिवारी पाचच्या सुमाराला मात्र मी कुणाला शिकवत नाही. थंडीत हीटिंगचा पाइप तापला की दोनदा टकटक वाजतो. मुलांना त्याची सवय आहे. मी अजून प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवते. कोण पुढे चला म्हणतंय आणि कुठे, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

तुम्ही तिकडे राहिलात आणि आम्ही इकडे आलो, आपल्यात आता फोन स्वस्त झाले आहेत. येवल्यात आईच्या हातात मोबाइल आहे. आठवड्यातून चारदा बोलतो. मी तिच्याशी 'हाय' आणि 'लय' असंच बोलते, पण सगळं बोलणं थांबे घेत घेत होतं. जेवलात का, पाऊस आहे का, बाबांचे डोळे कसे आहेत, मुलांचा अभ्यास. मग ठेवू का. पूर्वी मला वाटायचं घर म्हणजे तो माग, ती आळी, ते स्टँड. आता माग मोडून माळ्यावर टाकलाय, आळीत अर्धी माणसं नवी आहेत. आता घर म्हणजे माझ्या लेखी एवढंच उरलंय की कुठेतरी कुणीतरी अजून माझ्याशी उलटं बोलतं, आणि मी ते सुलटं ऐकलं पाहिजे.

गेल्या रविवारी बोलणं संपत आलं तेव्हा आई म्हणाली, "पोरांच्या शाळा बघून ये नंदे, तुमचं तुमचं आवरून. घाई काय नाय." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर कॅलेंडर काढून मुलांच्या सुट्ट्या बघितल्या. एवढं सगळं होऊनसुद्धा. जुलैपर्यंत पान उलटलं आणि हात तिथेच थांबला.

मी परत फोन लावला. म्हटलं, "आई, खरं सांग. काय झालंय?"

ती म्हणाली कुठं काय, मग म्हणाली उगी डॉक्टरला पैसे कशाला, मग म्हणाली तुझे बाबा झोपलेत, हळू बोल. मी ऐकत राहिले. तिचं सगळं बोलून संपलं तरी मी फोन ठेवला नाही. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

मग आई म्हणाली, "ये."